निजायची खोली अजून वाढतेच आहे

अ‍ॅडलेड, १२ मे १९७४

लाडक्या अनथी,

बसने एक पेटी पाठवते आहे. आत तुझ्या आईने मागावर विणलेली लाल चादर आहे, उशांचे चार अभ्रे आहेत आणि पिवळ्या मलमलीचे पडदे. पडदे मी कारखान्यात शिवले, जेवणाच्या सुट्टीत. मुकादम डोळे वटारून उभा राहिला. म्हटलं, "बघतोस काय? भाचीची खोली शिवते आहे. तुझ्या बायकोला कुणी शिवून दिली नव्हती, म्हणून चेहरा असा झालाय का?" गेला मुकाट.

लग्नाच्या आदल्या गुरुवारी आम्ही बायकांनी आपल्या रीतीने तुमचा पलंग मांडला, नाणी नि तांदूळ उधळले, शेजारणीचं बाळ त्यावर लोळवलं. पण तो पलंग माझ्या घरातला, उसना. खरा पलंग तिकडे कूबर पीडीला, तुझ्या घरात. तो नीट सजव. गरिबाने चार भिंती आणि एक छप्पर मिळालं की गप्प बसावं, सौंदर्य श्रीमंतांसाठी राखीव आहे, असं सांगणाऱ्यांशी मी जन्मभर भांडले. खाणीत राबणाऱ्या माणसालाही संध्याकाळी अशा खोलीत यायचा हक्क आहे, जिथे ऊब असेल, उजेड असेल आणि वाट बघणारं माणूस असेल. पडदे पूर्वेच्या खिडकीला लाव. सकाळचं ऊन त्यातून गाळून पलंगावर येऊ दे.

तुझी आई गेल्यावर तुला मी ग्रीसमधल्या इकारिया बेटावरून इकडे ऑस्ट्रेलियात बोलावून घेतलं, फोटो दाखवून पांदेलीचं हे स्थळही मीच जमवलं. त्यामुळे जीव तुझ्यात अडकलेला असतो. सगळं सविस्तर लिही.

तुझी मावशी,
कलिरोई


कूबर पीडी, २७ मे १९७४

प्रिय मावशी,

पेटी पोचली. आईच्या चादरीला अजून आपल्या घरातल्या धुराचा वास आहे. मी तोंड खुपसून बसले होते.

मग पडदे हातात घेऊन खोलीभर फिरले. पांदेली इतका हसला की त्याची कॉफी शर्टावर सांडली. "तुझ्या मावशीला सांगितलंच नाहीस?" नव्हतं सांगितलं, लाज वाटली. मावशी, आमच्या घराला खिडकी नाही. इथे निम्मं गाव डोंगराच्या पोटात राहतं. वर ऊन माणसाला भाजून काढतं, आत बारा महिने गारवा. पुढे एक दार, दाराशी स्वयंपाकघर, त्याच्या मागे आमची निजायची खोली. भिंती गुलाबी दगडाच्या, कुदळीच्या खुणांसकट. छतातून एक वीतभर रुंद नळ थेट डोंगराच्या माथ्यावर निघतो, वर पत्र्याचं जाळीदार टोपण. त्यातून हवा येते, आणि भर दुपारी बशीएवढं ऊन जमिनीवर पडतं. दहा मिनिटांत जातं.

पडदे तरीही लावले. पलंगामागच्या कोऱ्या भिंतीवर टांगले आणि मागे दिवा ठेवला. क्षणभर खरंच वाटतं, बाहेर सकाळ आहे. शेजारची द्रागा बघायला आली होती. ती युगोस्लावियातली, मोठ्या तोंडाची आणि मोठ्या मनाची. म्हणाली, "वा! समुद्र दिसतो का गं?"

पांदेलीने वचन दिलंय, पुढच्या अंगाने खरी खिडकी काढून देतो. फक्त आधी खोली मोठी होऊ दे. दिवसभर खाणीत खणतो आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा कुदळ उचलतो. "राणीला राजवाडा नको?" म्हणतो.

तुझी,
अनथी


अ‍ॅडलेड, ९ जून १९७४

लाडक्या अनथी,

आणि मी बाई पूर्वेच्या खिडकीवर व्याख्यान देत बसले! कारखान्यातल्या बायकांना तुझं पत्र वाचून दाखवलं, तर आठवडाभर मला "खिडकीवाली" म्हणताहेत.

पण हसणं संपल्यावर मी विचार केला. केवढा माणूस आहे हा! लोक बायकोला खोली विकत घेऊन देतात, भाड्याने घेऊन देतात. हा पृथ्वी कोरून देतो आहे. ज्या हातांनी मालकाचे खिसे भरायचे, त्या हातांनी स्वतःचं घर घडवणं यापेक्षा मोठं स्वातंत्र्य कुठलं? ते हात धुवायला ऊन पाणी ठेव आणि धुऊन झाले की त्यांचा मुका घे.

उजेडासाठी सांगते. पलंगासमोर आरसा लाव, एका दिव्याचे दोन होतात. भिंतीला हात लागेल तिथपर्यंत चुना दे. कागदाची फुलं कर, लाल नि केशरी.

इकडे आम्ही एक लढाई जिंकलो. कारखान्याच्या मागच्या दाराला मालक कुलूप लावायचा. म्हणे, कापड चोरीला जातं. मी टेबलावर चढले. म्हटलं, चोर बाहेर राहावा म्हणून बायकांना आत कोंडतोस, तर आग लागेल त्या दिवशी चोर वाचेल आणि आम्ही मरू! मंगळवारी कुलूप निघालं. दीडशे बायकांनी त्या दारातून उगीचच एकदा बाहेर जाऊन परत आत यायचं ठरवलं, आणि तसं केलं. मुकादम मोजत राहिला.

तुझी मावशी


कूबर पीडी, २ जुलै १९७४

प्रिय मावशी,

मी मजेत आहे. चुना दिला होता, पण ती भिंत आता राहिली नाही. पांदेलीने ती चार हात मागे नेली. पलंग तिसऱ्यांदा हलवला. मी पावलं मोजली, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत अकरा. एका दिव्याने एवढी खोली उजळत नाही. कोपरे काळेच राहतात. आईची लाल चादर रोज झटकते, तरी दुपारपर्यंत गुलाबी होते.

"आता पुरे," म्हटलं त्याला. म्हणाला, "आणखी दोन हात."

रविवारी द्रागाबरोबर बाजारात जाणार होते. त्याला बरं वाटलं नाही. गावात परके लोक फार आलेत म्हणे. तो खरं तेच म्हणत असेल.

पांदेली नमस्कार सांगतो. मावशीला लिही, मी सुखी आहे, असंही सांगतो. मी सुखी आहे.

अनथी


कूबर पीडी, २० जुलै १९७४

आदरणीय मावशी,

माझं अक्षर वाईट, समजून घ्या. तुम्ही मला आईच्या जागी, म्हणून मन मोकळं करतो.

अनथीला इथे काही कमी नाही. फ्रीज आहे, रेडिओ आहे, मांस रोज. दारू मी रविवारीच घेतो. हात कधी उगारला नाही, उगारणारही नाही. पण पोरीने एकच धरलंय: खिडकी, खिडकी. इथे खिडकी म्हणजे धूळ, माश्या आणि लोकांचे डोळे. आमच्या घरात लोकांनी डोकावण्यासारखी स्थिती सध्या नाही, एवढंच लिहितो. आणि दार मी नीट बंद करून जातो. इथे लोक दुसऱ्याच्या खाणीत उतरून माल उचलतात, घराचं काय घेऊन बसलात.

तुमचं ती ऐकते. चार शब्द लिहा की धीर धर. आणि जमलं तर एक मोठा आरसा नि गुलाबी काचेचा दिवा पाठवा. खोली अशी करतो की तिला बाहेर पडावंसंच वाटू नये.

तुमचा,
पांदेली


अ‍ॅडलेड, १ ऑगस्ट १९७४

अनथी,

तुझ्या नवऱ्याचं पत्र आलं. वाचून डोळे भरले, आणि मग तुझा राग आला.

अगं, नवरा बायकोसाठी गुलाबी दिवा मागतो! तुझ्या काकांनी, देव त्यांना क्षमा करो, मला एकवीस वर्षांत एक किटली आणली, तीही गळकी. आणि तू खिडकीसाठी तोंड पाडून बसतेस? मी माणसं ओळखते. दीडशे बायकांपैकी कुणाचा नवरा मारतो आणि कुणाचा पितो, ते मी चालीवरून सांगते. पांदेली त्यातला नाही. घर उभं राहायला वर्षं जातात. तू माहेरची पोरकी, म्हणून एकटेपणा जास्त टोचतो. त्याला नवऱ्याचा दोष म्हणू नकोस.

आरसा नि दिवा पाठवला आहे. आरसा फुटू देऊ नकोस. धीर धर. थोडं सोस.

तुझी मावशी


कूबर पीडी, १९ ऑगस्ट १९७४

मावशी,

हे पत्र पांदेलीने वाचलेलं नाही. आधीची सगळी वाचली होती. टपाल तोच आणतो, तोच नेतो. तुझी पत्रंही मला फोडलेली मिळतात. उत्तर द्रागाच्या नावाने पाठव, पत्ता पाकिटावर आहे.

गावात असा नियम आहे की ओपल, म्हणजे इथल्या खाणीत मिळणारं रत्न, वस्तीत खणायचं नाही. पण आपलं राहतं घर वाढवायला कुणाची बंदी नाही. म्हणून इथल्या पुरुषांना सारखी एक निजायची खोली कमी पडते. द्रागा सांगते, वरच्या अंगाला एक म्हातारा ब्रह्मचारी आहे, त्याला सात आहेत. सगळं गाव जाणतं आणि हसतं. मलाच माहीत नव्हतं. मला वाटत होतं, माझ्यासाठी राजवाडा होतोय.

जूनच्या शेवटी मागच्या भिंतीत रंग दिसला. हिरवी-निळी बोटभर रेघ. पांदेली गुडघ्यावर बसला आणि रडला. मीही रडले, मला वाटलं आता खणणं संपलं. त्याने तुझे पिवळे पडदे उचलले आणि त्या रेघेवर टांगले. कुणी आलंच तर वाटावं, नव्या नवरीची हौस आहे. दुसऱ्या आठवड्यात त्याने बाहेरून कडी बसवली आणि कुलूप आणलं. घरात माणूस असलं की चोर आत शिरत नाही, आणि कुलूप असलं की माणूस बाहेर जाऊन बोलत नाही. हे त्याने मला अगदी प्रेमाने समजावलं.

आज एकेचाळीस दिवस झाले. सकाळी सहाला तो कपाळाचा मुका घेतो, जनरेटर बंद करतो, कुलूप लावतो. जनरेटर चालू राहिला तर आवाजावरून लोकांना कळतं म्हणे, घरात कोण आहे. तुझा गुलाबी दिवा दिवसभर विझलेला असतो. देवापुढच्या तेलाच्या वातीच्या उजेडात मी स्वयंपाक करते, आणि तुझ्या आरशात ती एक वात आणि माझं अर्धं तोंड दिसतं. परवा मी आरशावर चादर घातली. दुपारी ऊन पडतं त्यात पाय ठेवून बसते. ऊन सरकतं तशी मीही सरकते.

एकदा ओरडून बघितलं. दगड आवाज पिऊन टाकतो.

तो मारत नाही. तुझं खरं आहे, पीतही नाही. रात्री विचारतो, "काय हवं सांग. लोकरीचा गालिचा आणू?" मी म्हणते, दार. तो म्हणतो, "रेघ संपू दे, मग दारच दार." आणि कुदळ उचलतो.

द्रागा डोंगरावर शेळीसारखी चढते, नळाचं टोपण काढते आणि सुतळी सोडते. तिच्यामुळे हा कागद वर जातोय. तिने नवऱ्याला सांगून बघितलं. तो म्हणाला, परक्याच्या घरात नाक नको. आणि पोलिसात काय सांगू? नवरा घराला कुलूप लावून कामाला जातो, असं?

मावशी, तू बोलायला लागलीस की दीडशे बायका उठून उभ्या राहतात. मला फक्त एवढं सांग. मी चुकते आहे का?

अनथी


अ‍ॅडलेड, २४ ऑगस्ट १९७४

अनथी, माझ्या पोरी,

नाही. तू चुकत नाहीस. चुकले मी.

तुझं पत्र उभ्याने वाचलं आणि तिथेच जमिनीवर बसले. मालकाने लावलेलं कुलूप मला शंभर पावलांवरून ओळखू येतं. नवऱ्याने लावलेलं, माझ्या भाचीच्या दाराला लावलेलं, माझ्याच हातात पत्रातून आलं, तर मी त्याला संसार म्हटलं! "दार नीट बंद करून जातो" असं त्याने मला स्वतः लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि तुला आरसा पाठवला. ज्या तोंडाने मी टेबलावर चढून बोलले, त्याच तोंडाने तुला "सोस" म्हटलं. त्या शब्दासाठी मला माफ करू नकोस.

ऐक. एक माणूस दुसऱ्याला कोंडतो तेव्हा तो मारतो की मुका घेतो, हा प्रश्नच उरत नाही. गालिचा आणतो की दिवा, हाही नाही. गुलाबी दिवा लावला म्हणून कोठडीची खोली होत नाही. हे मी जगाला ओरडून सांगणार आहे!

तीस तारखेच्या शुक्रवारच्या बसने मी येते. सुट्टी मागितलेली नाही, सांगितली आहे. छिन्नी-हातोडा बरोबर आणते. पांदेली आडवा आला तर त्याचं नशीब.

आणि पंधरा सप्टेंबरला आमची मोठी सभा आहे. चारपाच कारखान्यांच्या बायका येतील. मी तुझं नाव घेऊन बोलणार. तुला व्यासपीठावर माझ्या शेजारी उभं करणार. त्या काळ्या खोलीबद्दल, त्या उन्हाबद्दल असं बोलेन की एकही डोळा कोरडा राहणार नाही. अनथी, तुझं दुःख मी वाया जाऊ देणार नाही.

तुझी मावशी


कूबर पीडी, २९ ऑगस्ट १९७४

प्रिय मावशी,

तार मिळाली असेल. येऊ नकोस, मी बाहेर आहे. द्रागाच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. तुझं पत्र मला इथेच मिळालं, बंद पाकिटात.

मंगळवारी संध्याकाळी पांदेली रेघेमागे खणत होता. रेघ डावीकडे वळली, तोही वळला. डोंगराच्या आत माणसाला दिशा कळत नाही, मावशी. घाव घातला तो आरपार गेला आणि पलीकडून उजेड आला. मला वाटलं, डोंगर फुटला. तर द्रागाचा आवाज, "पांदेली, कॉफी टाकू, की भिंत पुरी पाडूनच येतोस?" त्याची कुदळ तिच्या निजायच्या खोलीत, तिच्या लग्नाच्या फोटोशेजारून बाहेर निघाली होती. ती कपड्यांना इस्त्री करत होती.

इथे असं होतं म्हणे. ज्याची कुदळ शेजाऱ्याच्या घरात शिरते त्याने भिंत बांधून द्यायची आणि वर बिअरची पेटी पाजायची. दोघे पुरुष भोकाच्या दोन बाजूंना बसून हसत पीत राहिले. भोक दोन वितींचं, तिरकं. मी पलंगावर बसून त्यातून बघत होते. पलीकडे त्यांचं पुढचं दार उघडं होतं आणि दाराबाहेर एक कुत्रं झोपलेलं होतं. मी त्या कुत्र्याकडे किती वेळ बघत होते, सांगता येणार नाही.

काल सकाळी पांदेलीने भोकावर पोतं टांगलं आणि सिमेंट आणायला निघाला. जाताना त्याने दाराला कुलूप लावलं. भिंतीत एवढं भोक असताना! आणि मी काय केलं, ऐक. मी उठून दारापाशी गेले आणि रोजच्यासारखं दार ओढून बघितलं. बंद होतं, म्हणून परत येऊन पलंगावर बसले. पोत्यापलीकडून द्रागा ओरडली, "अगं ए, काय मुहूर्त बघतेस?" तेव्हा कळलं.

खांदे अडकले. द्रागाने काखेत हात घालून ओढलं. अंगावरचे कपडे सोडून काही आणलं नाही. बाहेर पायरीवर आले तर डोळे उघडेनात. तिने डोक्यावर ओला टॉवेल टाकला आणि मी टॉवेलमधूनच पायांकडे बघितलं. दोन्ही उन्हात होते, सरकावं लागत नव्हतं.

पांदेली नऊला परतला. आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो. भिंतीआडून आधी त्याची हाक ऐकू आली, एकदाच. मग थापीचा आवाज. मावशी, पलंग रिकामा दिसत होता, तरी आधी त्याने भिंत लिंपली. त्या बाजूने रेघ उघडी पडली होती ना. दोन तास थापी चालली. मला वाटत होतं, आता येईल, आता येईल. येऊ नये असंही वाटत होतं. पण न आलेल्या त्या दोन तासांत माझा सगळा निकाल लागला.

मग दारात आला. हात सिमेंटने पांढरे. "अनथी, चल. लोक बघताहेत."

"बघू देत," म्हटलं. "एकेचाळीस आणि नऊ, पन्नास दिवसांनी बघताहेत."

"मी तुझ्यासाठीच करत होतो. सगळं तुझ्यासाठी."

"मग मला विचारलं का नाहीस?"

तो वाईट दिसत नव्हता, थकलेला दिसत होता. शेवटी म्हणाला, "खिडकी काढतो. उद्याच. शपथ."

"काढ," म्हटलं. "हवा येईल तुला."

द्रागाच्या नवऱ्याने एवढ्यात पहिल्यांदा नाक घातलं. म्हणाला, "पांदेली, बाईचं बोलून झालंय." तो गेला. आता हे लिहिताना भिंतीपलीकडे कुदळ चालू आहे.

मंगळवारच्या, तीन तारखेच्या बसने मी येते. तिकिटाचे पैसे मी द्रागाकडून घेतलेत, मी ते फेडेन. कारखान्यात शिलाईवर जागा असेल तर विचारून ठेव. मला सरळ शिवण येते, काज शिकून घेईन.

आणि एक अट आहे. ती मान्य नसेल तर मी दुसरीकडे खोली बघेन, रागावणार नाही.

पंधरा तारखेला माझं नाव घेऊ नकोस. त्या खोलीबद्दल बोलू नकोस. तू फार चांगलं बोलशील, हे मला माहीत आहे. म्हणूनच सांगते. तुझ्या भाषणात मी कायम त्या बशीएवढ्या उन्हात पाय ठेवून बसलेली राहीन. तू दर सभेला मला तिथे बसवशील, बायका रडतील, टाळ्या वाजतील, आणि सगळ्याजणी घरी जातील. मी मात्र तिथेच. तूही मला विचारलं नाहीस, मावशी. नाव घेणार म्हणालीस, उभं करणार म्हणालीस. पांदेलीही असंच म्हणायचा: करतो, आणतो, देतो.

मला तुझा राग नाही. तू "नाही, तू चुकत नाहीस" असं लिहिलंस, तेवढी एक ओळ मी दहादा वाचली. पण त्या ओळीपुढचं सगळं माझं आहे. सभेला मी येईन. दीडशे बायकांत मागे उभी राहीन. कधी बोलावंसं वाटलं तर माझी मी बोलेन. नाही वाटलं, तर सभा संपल्यावर आपण दोघी चालत घरी जाऊ, आणि वाटेत तू मला काहीही समजावून सांगू नकोस.

अनथी